गोर हाय

मार्च लागला की माझे सासरे, दुमिंग घोन्साल्विस,
पहाटे अनवाणी विहिरीवर जायचे.
पहिला पोहरा माडाच्या बुडाशी.
दुसऱ्यातलं ओंजळभर तोंडात घेऊन
डोळे मिटून गालागालांत फिरवायचे,
कोड्यातला शब्द अडल्यासारखे,
आणि स्वयंपाकघराकडे वळून सांगायचे,
"गोर हाय."

मनोरीत ह्या घरात ड चा र होतो.
मी मरोळची, नळावर वाढलेली.
पहिल्या वर्षी मला वाटलं
पाण्याचा रंग सांगतायत.

मरोळला पाणी पाच-दहाला यायचं, पाच-पन्नासला जायचं.
नाही आलं तर आई वॉर्ड ऑफिसला फोन लावायची,
इंजिनिअरचं खानदान काढायची,
आणि हलकी होऊन चहा टाकायची.
नळाला शिव्या देता येतात.
विहिरीचा गाळ आपला, दोर आपला,
फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेली वाळू आपली,
पडून मेलेलं कबूतरही आपलंच.
महापालिकेचा माणूस वर्षातून एकदा येतो,
डासांच्या अळ्या बघतो,
पिशवीतले गप्पी मासे सोडतो,
सही घेऊन फेरीबोटीकडे पळतो.

कठड्यावर ओल्या सिमेंटात कुणी काडीनं कोरलंय
१९३८, एक क्रूस,
आणि शेजारी मांजराचं पाऊल, ते कुणी कोरलेलं नाही.
लग्नाच्या आदल्या दिवशी सांतानसाठी
उंब्राचं पाणी इथूनच वाजतगाजत नेलं.
माझ्यासाठी मरोळला विहीर उरली नव्हती.
पिंपातून काढलं.
निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला सलामी देताना
ट्रम्पेटवाल्याला हसू आवरेना.

मग पलीकडच्या वाडीत रिसॉर्ट झालं.
त्यांची बोअर रात्रभर घरघरायची.
एप्रिलात सासरे म्हणाले, गोर हाय.
मेच्या दुसऱ्या आठवड्यातही, गोर हाय.
डाळ मात्र शिजेना.
पाच शिट्ट्या, सात शिट्ट्या,
तूर कवायतीला उभी, दाणा न दाणा ताठ.
साबणाला फेस नाही.
तांब्याच्या बुडाशी पांढरी खरवड.
मी कालवणात मीठ कमी करत गेले,
आधी चिमूटभर, मग अर्धं,
मग डबा उघडायचीच नाही.
सासरे जेवताना म्हणायचे, बराबर झालंय.
सांताननं माझ्याकडे बघितलं.
मी ताटाकडे.

जानेवारीत त्यांना मोठा ताप येऊन गेला होता.
आम्ही वजन बघितलं, खोकला बघितला.
जीभ कोण बघतं?

एका रात्री लाइट गेली म्हणून मी बाहेर आले.
ते कठड्याला टेकून बसलेले.
एक घोट पाणी.
मग स्वतःचं मनगट चाटलं, घामाचं.
पुन्हा पाणी.
पुन्हा मनगट.
मी दाराशी उभी राहिले, आणि कडी न वाजवता
आत येऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सांताननं टँकर मागवला.
बाबांना सांगितलं, पंप बिघडलाय.
त्यांनी अंगणात जुना पेपर पसरला,
पंप उघडला,
नट, वॉशर, इंपेलर ओळीनं मांडले,
एकेक फडक्यानं पुसला, उन्हात धरून पाहिला.
चाळीस वर्षं गावाचे पंप त्यांनीच दुरुस्त केलेले.
दुपारपर्यंत सगळं पुन्हा जोडलं.
बटण दाबलं नाही.
हात पुसत म्हणाले,
"हां. बिघरलाय."

ह्या मार्चला त्यांनी पोहरा वर ओढला
आणि माझ्यापुढे धरला.
मी ओंजळ घेतली,
गालात फिरवली, त्यांच्यासारखी.
ते माझ्या तोंडाकडे बघत होते,
निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तसे.
मचूळ, मी म्हणाले. आतापासूनच मचूळ.

त्यांनी मान हलवली.
पोहरा उचलून माडाच्या बुडाशी रिता केला,
हळूहळू, गोल फिरवत,
शेवटचा थेंब झटकून.
"माराला चालतं," म्हणाले.