सहाव्या दिवशीची नळी

ऐरोलीच्या इस्पितळाचं तळघर. रात्रीचे अडीच.
सेंट्रिफ्यूज थांबतं तेव्हा कळतं
किती वेळ घरघरत होतं ते.

जांभळ्या टोपणाची एक, निळ्या टोपणाची एक, पिवळी एक.
लेबलवर पदाजी बाळाराम कोळी, वय एकसष्ट, दिवागाव.
माणूस कधी पाहिला नाही.
त्याचं सिरम तेवढं ओळखते मी,
भाताच्या पेजेसारखं किंचित गढूळ.

पहिल्या रात्री सीआरपी एकशे अडतीस.
फेरिटिन बाराशेच्या वर.
लिम्फोसाइट शंभरात सात,
तेवढेच पहाऱ्यावर उरलेले.
डी-डायमर मी दोनदा लावला,
मशीन चुकावं म्हणून.
चुकलं नाही.

वर फोन केला. लिहून घ्या, सिस्टर.
तिनं आकडा परत म्हणून दाखवला
पाढ्यासारखा.
तिच्या मागे कुणीतरी खोकत होतं.

तिसऱ्या दिवशी एलडीएच चढलेलाच.
चौथ्या दिवशी सीआरपी एकाहत्तर.
पाचव्या दिवशी लिम्फोसाइट अकरा,
अकरा!
भाकरी तशीच टाकून मी नलूताईला दाखवायला धावले.
ती म्हणाली, एका आकड्यावर जेवण सोडू नये.

सहाव्या दिवशी नळी आली नाही.
घरी गेला तर नळी येत नाही.
गेला तरी येत नाही.
तळघरातून दोन्ही सारखंच दिसतं.

विचारता आलं असतं. फोन हाताशीच होता.

सकाळी रिक्षा दिवागावावरून वळली.
वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी
पाठमोरा कुणी बसला होता
फाटलेलं सांधत,
दर दोन गाठींनी दम खात.

मी रिक्षा थांबवली नाही.