समासातली तारीख

उपवासकाळाचा तिसरा आठवडा.
चहा सोडलाय, तेवढंच जमलं.
प्रार्थनेला बसते
तर मेकोसाबागेतली दुपार
पत्र्यावर तडतडत राहते,
आणि तू, देवा, शेजारच्या बंद फ्लॅटसारखा:
बेल आत वाजते, मला ऐकू येते,
कोणी उठत नाही.

काहून?

आज शांतवनचं शास्त्र काढलं.
कव्हर सुटलेलं, मशीन-ऑइलचा वास.
माझा नवरा देवाशी फार बोलायचा नाही;
ओळींखाली पेन्सिल ओढायचा,
वायर कापावी तशी मोजून.

वाळवंटात पाणी फुटेल
असं संदेष्टा सांगतो, त्या पानावर
समासात त्याचं बारीक अक्षर:
'कूलरचा पंप बदलला. चौदा मार्च. चालतोय.'

हसले.
मग बराच वेळ हसले नाही.

संध्याकाळी माळ्यावरून वाळ्याच्या ताट्या काढल्या,
टाकीत तीन बादल्या ओतल्या.
बटण दाबलं. नुसती घरघर.
मी तिथून उठले नाही.

वरच्या पन्हाळीत एक थेंब आला,
थांबला,
आणि एका कोपऱ्यापासून
गवत काळं पडत गेलं, ओलं,
खोलीभर वास.

पेन्सिल शोधतेय.