निव्वळ वजन

सावद्याच्या वे-ब्रिजवर अकरा वर्षं
मी केळीचे ट्रक मोजतोय.
भरलेल्यातून रिकामा वजा, उरेल ती केळी.
ड्रायव्हरला आधी खाली उतरवतो,
नाहीतर सत्तर किलोचा माणूस
केळीच्या भावानं विकला जातो.

चौतिसाव्या वर्षी पहिली गाडी घ्यायची ठरवली.
जळगावच्या शोरूममधल्या पोरानं
उंची विचारली, पगार विचारला, रंग विचारला.
सगळे विचारतात ते मीही विचारलं: किती देते?
साठ, म्हणाला.
साठ, पण किती किलोच्या माणसाला,
ते त्यानं सांगितलं नाही, मला विचारवलं नाही.
कागदावर गाडीचं वजन छापलेलं: एकशे दहा.
मी एकशे चौदा.
म्हणजे दोघांत जड मी,
आणि ओढायचं तिनं.

हेमकांतची शंभर सीसी मागून आणली,
पालच्या रस्त्याला लागलो.
रावेरपर्यंत सगळं गोड.
सपाटीवर कुणाचंच वजन कळत नाही.
चढ लागला तशी चौथ्यातून तिसऱ्यात,
तिसऱ्यातून दुसऱ्यात,
इंजिन असं कण्हायला लागलं
की कडेच्या शेळ्या चरायच्या थांबल्या.
तेवढ्यात बाजूला तशीच एक शंभरची,
तीच कंपनी, तोच लाल पट्टा,
वर तीन पावरा पोरं,
मागच्याच्या काखेत व्हॉलीबॉल.
मी नजरेनं तोललं, सवयच ती:
अडतीस, अडतीस, अडतीस.
तिघं मिळून एक मी.
वळणापर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून चढलो,
कुणी कुणाला मागे टाकेना.
पोरं हसली. मग मीही.
पुढे नाक्यावर हवालदारानं त्यांना कडेला घेतलं,
ट्रिपल सीट.
मला म्हणाला, जा.

येताना उतार.
ब्रेक दाबला, आणि गाडीला ते ऐकूच गेलं नाही
असं वाटण्याइतका वेळ गेला.
समोर बैलगाडी होती.
त्याबद्दल हेमकांतला अजून सांगितलेलं नाही.

फैजपूरच्या गफूर पिंजारीनं मात्र
टायर बघूनच ओळखलं.
‘चुडामणभो, तू इंजिनलेच धरून बसला.
वजन पहिलं स्प्रिंगला कळतं, मग टायरला, मग ब्रेकला.
इंजिन बिचारं सगळ्यात शेवटी बोलतं,
पण मोठ्यानं बोलतं.’
‘मग साडेतीनशेची घेऊ? लोक म्हणतात शोभंल.’
‘घे ना. शिकणारा माणूस गाडी पाडतोच.
गल्लीत आडवी झाली की
आधी तू उठशील, मग तिला उठवशील.
एका दिवसात दोघांना उचलायचं
होईल का तुझ्या गुडघ्याला?’
गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

शेवटी एकशे साठची घेतली, जुनी,
नागपूरला बदली झालेल्या एका विमावाल्याची.
किडकिडीत माणूस. सीटवर त्याचा खळगासुद्धा नव्हता.
गफूरनं मागचा शॉकअप चार खाचा आवळला,
हवा वाढवली, ब्रेकचे पॅड नवे टाकले,
आणि मला म्हणाला, आता बस.
मी बसलो.
गाडी जरा खाली गेली,
आणि थांबली.
एवढंच. पण मी कितीतरी खुर्च्यांवर
असं थांबणं आयुष्यभर शोधलंय.

परवा भुसावळहून येताना तापीच्या पुलावर
आडवा वारा होता.
पुढचा बारका पोरगा पानासारखा कडेला सरकत होता.
मी सरळ.

काल रात्री शेवटचा ट्रक गेल्यावर
गाडी काट्यावर घेतली.
आधी तिला एकटीला, मग माझ्यासकट.
काटा पाच-पाच किलोंनी बोलतो,
लाल आकडे हलले, ठरले.
पावती निघाली:
एकूण दोनशे साठ. रिकामं एकशे पंचेचाळीस.
निव्वळ एकशे पंधरा.
आणि खाली, मशीनला दुसरं काही माहीतच नाही म्हणून,
माल: केळी.

सीटखाली आरसी बुकाजवळ ठेवलीये.