टपावरचं अंथरूण

वाल्विस बेच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
तीस सेकंदांत उघडतो, मॅडम.
मी म्हटलं, आमची दोघांची वयं मिळून एकशे एकोणतीस,
तीस सेकंदांत आम्हाला चष्मासुद्धा सापडत नाही.

फेस्टसने एकेका तंबूचं झाकण ठोकून पाहिलं,
कलिंगड ठोकून बघतात तसं.
फायबरग्लासचा आवाज बसका.
ॲल्युमिनियमचा खणखणीत, किंमतही तशीच.
मी मात्र बूट काढले, शिडी चढले
आणि भर दुपारी, गिऱ्हाइकं बघत असताना,
आडवी झाले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी पाय पसरून अंथरूण पाहिलं.
एकात टाचा कापडाला टेकल्या.
एकाचं उतरतं छप्पर असं नाकाशी आलं
की कुणीतरी शवपेटीचं माप घेतंय.
तिसऱ्यात कूस वळता आली.
तोच घेतला. कोपऱ्याला पोचा होता,
त्याचे पैसे फेस्टसने घासाघीस करून कमी केले,
पोरगा शेवटी घामाघूम.

पहिली रात्र समुद्रालगत.
धुकं आलं आणि पिकअपला गिळून बसलं.
पहाटे कपाळावर थेंब.
"गळतोय," मी म्हटलं.
"गळत नाही. हा आपलाच श्वास."
चाळीस वर्षं एका खोलीत झोपलो,
आम्ही आतून एवढे ओले आहोत
हे कधी कळलं नव्हतं.

मग सुरू झाली डागडुजी.
गादीखाली काथ्याची जाळी, हवा खेळायला.
झाकणाला आतून घोंगडीचं अस्तर.
कडेला दुहेरी रबर,
कारण खडीच्या रस्त्यावरची धूळ
विचारून आत येत नाही,
ती अभ्र्यात, पावात, कानामागे.
चेनच्या लोखंडी जिभा वाऱ्यात रात्रभर किणकिणायच्या,
त्या उपटल्या, बुटाच्या नाड्या बांधल्या.
थंडीत गॅसचे दांडे हाय खायचे,
झाकण मध्यरात्री हळूच मान टाकायचं,
त्याला झाडूचा दांडा कापून टेकू.

कुंपणापलीकडून मग्रीता गोरासेस म्हणाली,
एवढं करताय, तर घरच का नाही बांधत?
फेस्टसच्या तोंडात स्क्रू होते.
"हेच तर," एवढं कसंबसं ऐकू आलं.

तिसऱ्या वर्षी गुडघा.
उगाबच्या कोरड्या पात्रात
शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तो थांबला,
उतरला, म्हणाला, मी खाली हौद्यात झोपतो,
तू वर जा.
मी वर गेले. एवढी जागा! कूस वळले,
पुन्हा वळले.
मध्ये फक्त एक पत्रा.

रात्री हत्ती आले.
पावलांचा आवाज नाही,
फक्त बाभळीची फांदी मोडली, आणि पोटातली ती घरघर.
बोलायची सोय नव्हती.
मी नखाने तळाला टिचकी मारली.
खालून दोन आल्या.
मग मी एक. मग बराच वेळ काही नाही.
मग दोन.

घरी आल्यावर तो पट्टी घेऊन खुर्चीत बसला,
गुडघा वाकवत गेला, जिथे "आई गं" आलं
तिथे मी पेन्सिलची खूण केली.
दोन पायऱ्यांमधलं अंतर तेवढंच.
फळ्या रुंद, किआटच्या लाकडाच्या,
अख्खं पाऊल मावेल अशा, नऊ.
अशी शिडी कुठल्याही दुकानात मिळत नाही,
घडीही होत नाही, दोरीने बांधून न्यावी लागते,
वळणावर खडखडते.

तो आता चढतो.
पाचव्या पायरीवर थांबतो,
म्हणतो, जरा तारे बघतो.
बाहेर धुकं असतं, हात दिसत नाही हाताला.
मी काही म्हणत नाही,
त्याची उशी भिंतीकडे सरकवते
आणि झाडूचा दांडा पुन्हा एकदा चाचपते.