ब्लॉकला खिडकी

केयूरशेठ म्हणतात, अचानक गेलं.
फ्रीवेवर, पहाटे साडेपाचला, बोगद्याच्या जरा अलीकडे,
अगदी अचानक.
टोच्या गाडीवरून ती दारुखान्यात उतरली तेव्हा
पोटाखालून तेल ठिबकत होतं,
आणि समोरचा भंगारवाला,
ज्यानं जन्मभर जहाजं तुटताना पाहिली,
चहाचा ग्लास तसाच धरून उभा राहिला.

इंजिन स्टँडवर घेतलं.
चौथ्या सिलिंडरच्या अंगाला खिडकी.
आम्ही खिडकीच म्हणतो:
रॉड आतून ठोसा मारत बाहेर येतो,
आणि एवढा जाड ब्लॉक
फुटतो पापडासारखा.
फैयाजनं आत मोबाइलची बत्ती धरली.
पिस्टनचं अर्धं मुंडकं.
क्रँकवर काळानिळा डाग.
तळाच्या तेलात रुपेरी चूर,
लग्नपत्रिकेवर असते तसली.

अचानक काही जात नाही, शेठ.
हे बोललो नाही. पाना पुसत राहिलो.

मिनिटाला नऊ हजार फेऱ्या,
म्हणजे सेकंदाला दीडशे.
दर फेरीत पिस्टन वर जाऊन थांबतो,
खरंच थांबतो,
आणि रॉड त्याला मानगूट धरून खाली ओढतो.
त्या ओढीचं सगळं ओझं
करंगळीएवढ्या दोन बोल्टांवर.
गाडी अडीच कोटींची.
बोल्ट कितीचा, ते सोडा.

लॅपटॉप जोडला.
गाडीचा कॉम्प्युटर चहाडखोर, सगळं लिहून ठेवतो.
चावी फिरवल्यावर चाळीस सेकंदांत सात हजार,
तेल अजून गोठल्या तुपागत.
मग बोगद्याअलीकडे
पाचव्यातून चौथा घालायला गेले, पडला दुसरा.
सुई दहा हजार चारशेवर.
लिमिटर तिथे काय करणार?
तो पेट्रोल तोडतो,
पण उतारावर बैल गाडी ओढत नाही,
गाडीच बैलाला लोटते.

झालं. कारण सापडलं.
विम्याच्या कागदावर एवढं पुरतं.
मी मोकळा.

पण फैयाज, एकोणीस वर्षांचं पोर,
ट्रेमधून तुकडा उचलून आणतो:
उस्ताद, याची मान बघा.
तुटला तिथे बारीक झालेला,
दातांत धरून ओढलेल्या चिकीसारखा.

हे बोल्ट एकदाच ताणायचे असतात.
उघडले की फेकायचे.
पुस्तकात ठळक छापलंय;
मीच त्याला मोठ्यानं वाचायला लावलं होतं.

मार्चमध्ये नवा संच न्हावाशेव्याला अडकला,
कस्टमच्या कुठल्याशा सहीसाठी, तीन आठवडे.
शेठचा रोज फोन:
मुकादम, रविवारी सगळ्यांच्या गाड्या येणार,
माझीच नसेल तर काय तोंड दाखवू?
शनिवारी रात्री
जुने बारा बोल्ट मी रॉकेलमध्ये धुतले,
फडक्यानं पुसले,
एकेक आवळला.
टॉर्कचा पाना म्हणाला टक्,
वर पाव फेरी.
बारा वेळा टक्.
त्याला काय, तो आकड्याला हो म्हणतो.

बत्ती तेव्हाही फैयाजच्याच हातात होती.

उरलेले अकरा मायक्रोमीटरवर लावले.
आठ ठीक.
तीन लांबलेले, केसाएवढे.
मार्चमध्ये लांबले की या रविवारी,
पोलाद तारीख सांगत नाही.
दहा हजार चारशेला नवे तरी टिकले असते का?
कदाचित नाही.
हा कदाचित मी दुपारभर चघळला,
डबा तसाच राहिला.

पाच वाजता फोन. स्क्रीनवर केयूर झवेरी.
फैयाज भुशानं हात घासत होता,
माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून.

म्हटलं, शेठ, उद्या इकडे या.
नाही, फोनवर नाही. वस्तू हातात घेऊन बघा.

मग बोल्ट कागदात गुंडाळला,
फैयाजला म्हटलं, वही काढ, लिही.

तारीख कुठली घालू, उस्ताद?

मार्चची.