मानस

फॉर्मात विचारलं होतं: पालकांचं मासिक उत्पन्न.
बाबा म्हणाले, कुठल्या महिन्याचं?
शिरगावच्या जत्रेतलं, की आषाढातलं,
खाजं मऊ पडतं आणि डब्यात गुळाला पाझर फुटतो तेव्हाचं?
मग बोटांवर जत्रा मोजल्या,
फातर्पे, नार्वे, म्हार्दोळ, जुन्या गोव्याचं फेस्त,
वजा बेसन, तीळ, आलं, टेम्पोचं भाडं,
वजा ती एक रात्र, वाऱ्यानं ताडपत्री नेली ती.
मी बारानं भागलं.
आलेला आकडा मामलेदाराच्या शिक्क्याखाली
अंग चोरून बसला.

शिष्यवृत्ती मिळाली. पत्रात खाली, बारीक अक्षरात:
वर्षाला साठ तास समाजसेवा.
माझ्या बाकावरच्या संयुजाच्या वडिलांचं कळंगुटला हॉटेल.
तिला कुणी तास विचारत नाही.
म्हणजे हे व्याजच की, मी मनात म्हटलं,
आणि सही केली.

शनिवारी फर्मागुडीहून बस. माशेलात घर दिसतं,
उतरायचं नाही.
खाज्यांचं गाव मागे टाकून पुढं, खाजनाच्या गावाला.
आम्ही तिघं: मी, केप्याचा मेघनाथ वेळीप, वाळपईची रुखसार.
बांधावर इनास उभा. वय विचारलं तर म्हणाला,
पोर्तुगीज गेले त्या साली मी या मानशीत पोहायला शिकलो.

आम्ही ड्रॉइंग उलगडलं. स्टीलचं दार, मोटर, सेन्सर.
त्यानं ते उलटं धरून नीट पाहिलं,
पाहुण्यानं आणलेली मिठाई पाहावी तसं.
"आयज आमोशा म्हूण मोटारीक कोण सांगतलो, बाये?"
माट्टीच्या दोन फळ्या. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून जातं,
भरतीला खाडीच त्यांना मिटवते.
लाकूड फुगतं, फट बुजते.
तिघांनीही ड्रॉइंगची गुंडाळी केली.

तरी तीन कुणग्यांत मीठ वर येत होतं.
कुर्ल्या, इनास म्हणाला, बांध पोखरतात.
मी कपेलाच्या खालच्या पायरीवर लाल रंगानं बाण काढला,
तिथली उंची शंभर धरली.
कुठूनतरी मोजायला सुरुवात करावीच लागते,
गरिबीची रेषाही कुणी अशीच धरली असणार.
चार वेळा मोजलं. चारही वेळा तेच:
मानशीचा उंबरठा एका अंगाला अकरा सेंटिमीटर खचलेला.
इनासनं पाण्यात हात घातला, खांद्यापर्यंत,
बराच वेळ बाहेर काढला नाही.
"बापायनं घातलेला," इतकंच म्हणाला.

पुढचे शनिवार चिखलाचे.
पाट्या कशा उचलायच्या ते मेघनाथला ठाऊक होतं,
आम्ही दोघी पहिल्या दिवशी नुसत्या पडत होतो.
रुखसार भरतीच्या वेळा वहीत उतरवायची,
इनास तिथीवरून सांगायचा, ती मोबाइलवर ताडायची,
एकदा मोबाइल चुकला,
एकदा इनास. त्या दिवशी तो जेवेपर्यंत गप्प होता.

साठावा तास संपला तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात होते,
उंबरठ्याची एक बाजू टेकलेली, दुसरी मेघनाथच्या हातात,
आणि खाडी परतायला लागलेली.
एकसष्टावा, बासष्टावा कुणी लिहिला नाही.

अहवालातला शेवटचा प्रश्न:
आपण समाजाला काय दिलंत? दोनशे शब्द.
मी लिहिलं, अकरा सेंटिमीटर.
सरांनी परत पाठवलं. शब्द कमी आहेत.

मे महिन्यात कपेलाचं फेस्त होतं.
बाबांनी यंदा पहिल्यांदा तिथं दुकान लावलं,
जागा कुठली मिळाली तर पायरीपाशी.
तराजू डुगडुगत होता. त्यांनी चाचपत चाचपत
एक सपाट दगड शोधला आणि तिथं टेकवला,
बरोबर माझ्या लाल बाणावर.
मी काही बोलले नाही.
इनास आला, पाव किलो घेतलं, पैसे दिलेच.
गिऱ्हाईक ओसरल्यावर बाबांनी हळूच विचारलं,
पुढच्या फॉर्मात हे फेस्त धरायचं,
की नको?