इंजिनला हात लावलेला नाही

खोपडे म्हणाला होता, ताई, इंजिनला हात लावलेला नाही.
मार्केट यार्डात झेंडू वाहिलेली व्हॅन,
एक लाख अठ्ठावीस हजार, नावावर करायचा खर्च तुमचा.
मी चाकांना लाथ मारून पाहिली, लोक मारतात तशी.
हॉर्न वाजला.
तेवढंच मला तपासता येत होतं.

पहिल्याच आठवड्यात सरकता दरवाजा हातात आला.
रोलर साडेतीनशे, मजुरी दोनशे,
आणि रुळाच्या खाचेत वाळलेल्या पाकळ्या, मूठभर,
त्या फुकट.

मग क्लच.
कोंढव्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं
आणि गाडी जागची हलत नव्हती.
प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग,
एकदा उघडलंय तर सगळंच घाला:
सहा हजार दोनशे.
मी इडलीच्या पिठात मोजते.
किलोच्या पाकिटामागे सुटतात नऊ रुपये,
म्हणजे सहाशे एकोणनव्वद पाकिटं, फक्त तो चढ चढायला.

लाजरस मिस्त्रीचं गॅरेज नाना पेठेत,
दोन स्पेअर पार्टच्या दुकानांमधल्या फटीत.
मेलेल्या गाड्या उठवतो; नाव बापाने उगाच ठेवलेलं नाही.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला,
डोळे मिटून आधी ऐकतो.
चाळिसला घूंऽ येतं? मागचं डावं बेअरिंग. अठराशे.
सकाळी सेल्फ टकटक करतो? ब्रश झिजलेत.
सध्या पान्याने ठोका, महिनाभर निघेल.

त्याला आता सात महिने झाले.
पहाटे चारला गल्लीत मी वाकून सेल्फ ठोकते
आणि दुसऱ्या मजल्यावरचे तांबवेकर
शिव्या न देता खिडकीतून विचारतात,
झाली का?

तिसरा गिअर आपोआप बाहेर येतो. नऊ हजार म्हणाला.
ते काम केलं नाही.
डावा हात त्यावर ठेवून चालवते,
वर्गात सारखं उठू पाहणाऱ्या पोराच्या खांद्यावर ठेवावा तसा.

मे महिन्यात, कात्रजच्या बोगद्याअलीकडे, काटा लालमध्ये गेला.
मागे एकशे ऐंशी किलो पीठ.
हिचं इंजिन बसायच्या जागेखाली; सीट उचलली,
थांबले, निवेपर्यंत, मग तेलाची दांडी ओढली.
टोकाला तेल नव्हतं.
पांढुरकं, फेसाळ, बारीक बुडबुडे धरलेलं काहीतरी,
जे मी रोज रात्री अकराला पातेल्याचं झाकण उचलून बघते.
फोन केला: मिस्त्री, तेल आंबलंय.
तो हसला नाही.
पाणी शिरलं. हेड गॅस्केट. आता चावी फिरवू नका,
टोचन लावून आणा.

नाना पेठेपर्यंत पाकिटं फुगून फुटली.
हेड उतरवलं तर कडेने लाल सिलिकॉन, घाईत फासलेलं,
त्यात अंगठ्याचा ठसा, स्वच्छ, कागदावर उठावा तसा.
कुणाचा तरी हात.
तीनदा तरी उघडलंय आधी, लाजरस म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता फडक्याने बोटं पुसत बसला.
फेसिंग, गॅस्केट, वॉटर पंप, ऑईल, टोचन:
चौदा हजार सहाशे.
पाकिटं मोजली नाहीत.

काल फुरसुंगीचा एकजण बघायला आला,
खारी-टोस्टचा धंदा सुरू करणार होता.
चाकांना लाथ मारली. हॉर्न वाजवला. आत वाकून हुंगलं:
आंबट, आणि त्याखाली कुठेतरी झेंडू.
ताई, इंजिनला हात?
वाक्य तयार होतं, खोपडेच्याच आवाजात,
अगदी दातांपर्यंत आलेलं.
मी सीट उचलली.
आणि पिठाच्या हिशेबाची वही दिली,
जिच्यात गाडीचा खर्च मागच्या पानापासून उलटा लिहिलाय.
उन्हात उभा राहून तो सेल्फपर्यंत वाचत आला.
कळवतो, म्हणाला.

आज सोमवार, चार वाजून पाच.
पान्याचे तीन ठोके.
झाली का?
थांबा, तांबवेकर. अजून एक.